व्रोंगो बेटावर पोहायला गेलो तेव्हा

गेल्या उन्हाळ्यात मी अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नहून महिनाभर धाकट्या बहिणीकडे स्वीडनला गेले. इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना सांगितलं, "पाठीच्या ऑपरेशननंतर चेंज हवाय." पाठीचं ऑपरेशन झालंच नव्हतं. माझा डावा स्तन काढला होता.

गाठ लवकर सापडली होती. केमो लागली नाही, केस गेले नाहीत, त्यामुळे लपवणं सोपं गेलं. महिनाभर लोकांनी डबे आणून दिले. शेजारच्या काकूंनी पाठ शेकायची पिशवी दिली, ती मी सोफ्यावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवत असे. हे सगळं का केलं, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. आजारात भीती वाटते असं ऐकून होते. मला भीती थोडीच वाटली, जास्त वाटली ती लाज. कपड्याच्या आत काहीतरी चुकल्यासारखं, आणि ते माझ्याच हातून चुकल्यासारखं. नवऱ्यासमोर कपडे बदलणं मी बंद केलं. तो दाराबाहेरून विचारायचा, "काही हवंय का?" मी "नको" म्हणायचे. पंधरा वर्षांच्या मुलीला एवढंच माहीत होतं की आईचं ऑपरेशन झालंय आणि ते सक्सेसफुल झालंय. तिने एकदाच विचारलं, "डझ इट हर्ट?" मी नाही म्हटलं आणि विषय संपला.

बहिणीला मात्र सगळं माहीत होतं. ती फोनवर म्हणाली, "ताई, तू इकडे ये. जुलैमध्ये इथे कोणीच काम करत नाही. नुसती भटकू आपण."

ती आणि तिचा नवरा गोथेनबर्गमध्ये राहतात. तिचा नवरा सांगलीचा, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. अतिशय अबोल माणूस. त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझं आणि त्याचं बोलणं "प्रवास कसा झाला" आणि "जेवलात का" याच्या पुढे कधी गेलं नव्हतं. तो मला ताई म्हणतो, मी त्याला अहो-जाहो करते, आणि मग दोघंही बहिणीकडे बघतो.

त्यांचं भटकणं मला नवीन होतं. आमच्याकडे व्हर्जिनियात कुठे जायचं म्हणजे आधी ठरवायचं, पार्किंग बघायचं, कूलर भरायचा, दीड तास ड्राइव्ह करायचं आणि फोटो काढून परत यायचं. इथे बहीण सकाळी खिडकीतून आभाळ बघायची, थर्मासमध्ये कॉफी भरायची, फॉइलमध्ये धपाटे गुंडाळायची आणि म्हणायची, "चला." मग ट्राममध्ये बसायचं आणि ट्राम संपेल तिथे उतरायचं. शहर संपलं की लगेच जंगल सुरू. एका स्टॉपला तर उतरून दहा मिनिटं चाललं की तळं. वाटेवर दोन्ही बाजूंनी घोट्याएवढी झुडपं, त्यांना निळीकाळी फळं. ती कोणीही तोडून खावीत. मी आधी इकडेतिकडे बघितलं, कोणी ओरडेल की काय. बहीण म्हणाली, "अगं खा! हे कोणाचंच नाहीये."

पहिल्याच दिवशी तळ्यावरच्या एका खडकावर चढायचं होतं. बहीण वर गेली आणि तिने हात खाली दिला. माझा डावा हात खांद्याच्या वर जाईना. काखेतल्या गाठी काढल्यापासून तो हात आखडला होता आणि मधूनच सुजायचा. म्हणून मी घट्ट बाही घालायचे आणि ती दिसू नये म्हणून वरून फुल शर्ट. सगळं गाव उन्हात उघडं फिरत होतं आणि मी घामाने भिजलेली. तिचा नवरा मागे उभा होता. त्याने मदतीला हात पुढे केला, मग कुठे धरावं ते न कळून मागे घेतला. मी म्हटलं, "मी खालीच बसते, इथे छान सावली आहे." तिथे सावली नव्हती.

खालच्या धक्क्यावर लोक पोहायला येत होते. म्हाताऱ्या बाया, पोट सुटलेले पुरुष, कोणीही. टॉवेल गुंडाळायचा, आतल्या आत कपडे बदलायचे आणि पाण्यात उडी. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी माझ्या बुटांकडे बघत बसले.

पोहणं हे एके काळी माझं होतं, म्हणून ते जास्त लागलं. नागपुरात शाळेत असताना मी स्पर्धेत पोहायचे. बहिणीला पोहायला मीच शिकवलं. बहुधा त्याच विचाराने ती पुढच्या आठवड्यात मला एका लाकडी स्नानगृहापाशी घेऊन गेली. समुद्रात खांबांवर बांधलेलं, जुनं, रंग उडालेलं. आत बायकांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा. आधी गरम वाफेच्या खोलीत बसायचं, मग शिडीने थंड समुद्रात उतरायचं. हे सगळं मला दारात पोचल्यावर कळलं. आणि हेही कळलं की आत कपडे घालायची पद्धतच नाही.

"तू मला हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस का?" ती म्हणाली. "ताई, आत सगळ्या बायकाच आहेत. ऐंशी-ऐंशी वर्षांच्या. कोणी ढुंकून बघणार नाही."

"मला नाही जायचं."

"फक्त एकदा."

"तुझ्या अंगावर सगळं आहे ना जागच्या जागी, तुला काय जातंय बोलायला!"

मी हे इतक्या मोठ्याने बोलले की तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीने मान वर केली. मराठी कळायचा प्रश्नच नव्हता, पण आवाज कळतो. बहिणीचे डोळे भरून आले. आम्ही बाहेर बाकावर बसून दोघींसाठी घेतलेले दालचिनीचे पाव खाल्ले. आतून बायकांच्या हसण्याचा आणि पाण्यात पडण्याचा आवाज येत होता.

त्यानंतर तिने विषय काढला नाही. मलाच वाईट वाटून शनिवारी मी म्हटलं, "एखादी अशी जागा नाही का, जिथे माणसंच नसतील? मी कॉस्च्यूम घालून उतरेन."

ती नवऱ्याकडे वळली. तो जरा विचार करून म्हणाला, "व्रोंगोच्या दक्षिण टोकाला कोणी नसतं."

व्रोंगो हे गोथेनबर्गजवळच्या बेटांमधलं शेवटचं. ट्रामने धक्क्यापर्यंत, मग पांढरी फेरीबोट. बेटांवर मोटारी नाहीत. धक्क्यावर लोक हातगाड्यांवर किराणा आणि सामान लादून घराकडे निघतात. आम्ही गाव ओलांडून फळ्यांच्या वाटेवरून पुढे गेलो. दोन्ही बाजूंना गवत, मग नुसते खडक, हत्तीच्या पाठीसारखे गुळगुळीत. टोकाला एक लहानशी खाडी होती. तिथे एक म्हातारे गृहस्थ पुस्तक वाचत बसले होते आणि त्यांचा तपकिरी, कुरळ्या केसांचा कुत्रा शेजारी झोपला होता. बाकी खरंच कोणी नव्हतं. बहिणीचा नवरा, म्हणजे माझे मेव्हणे, म्हणाले, "मी तिकडे पक्षी बघतो," आणि थर्मास घेऊन मोठ्या खडकाच्या मागे गेले. पक्ष्यांची त्यांना कधी आवड होती असं मी ऐकलं नव्हतं.

कॉस्च्यूमच्या आत डाव्या बाजूला मी स्पंजचा स्तन घातला होता. अशा वस्तू मिळतात. पोहण्यासाठीचे वेगळे, खास खिसा असलेले कॉस्च्यूमही मिळतात, पण ते दुकानात जाऊन मागायची मला लाज वाटली होती. म्हणून जुन्याच कॉस्च्यूममध्ये तो आतून सेफ्टी पिनने अडकवला होता.

पाणी थंडगार होतं. पहिल्यांदा श्वासच अडकला. मग मी डोकं पाण्यात घातलं आणि हात मारला, आणि जो हात हवेत खांद्याच्या वर जात नव्हता तो पाण्यात गेला. दुखत होता, पण गेला. मी खाडीच्या तोंडापर्यंत पोहत गेले आणि परत आले. बहीण ओरडत होती, "बघ! बघ!" मी हसत होते. ऑपरेशननंतर इतकं मोठ्याने मी हसलेच नव्हते.

हसता हसता हात छातीवर गेला आणि तिथे काहीच नव्हतं. पिन उघडली होती.

मी वळून बघितलं. थोड्या अंतरावर, समुद्री शेवाळाच्या एका पुंजक्याशेजारी, ती गोष्ट तरंगत होती. कातडीच्या रंगाची, गोल, वाऱ्याने हळूहळू किनाऱ्याकडे चाललेली. मी तिच्या दिशेने निघणार, तेवढ्यात कुत्रा उठला. त्याने पाण्यात उडी मारली, सरळ तिच्याकडे पोहत गेला, तोंडात धरली आणि मोठ्या अभिमानाने मालकापुढे नेऊन ठेवली.

म्हाताऱ्या गृहस्थांनी ती उचलली. चष्मा वर करून बघितली, उलटी करून बघितली. त्यांना कळेना. नेमकी त्याच वेळी फळ्यांच्या वाटेवरून पाच-सहा जणांची एक तुकडी येऊन थांबली, पाठीवर पिशव्या, हातात काठ्या. गृहस्थ उभे राहिले, ती हातात उंच धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात स्वीडिशमध्ये काहीतरी विचारलं. विचारतानाच त्यांची नजर माझ्यावर पडली. मी गळ्यापर्यंत पाण्यात, दोन्ही हात छातीवर दाबून. मग त्यांना कळलं. त्यांचा हात हळूहळू खाली आला. तुकडीतल्या एका बाईने तोंडावर हात ठेवला.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहिणं अवघड आहे. पाण्याखाली जावं आणि वर येऊच नये असं वाटलं, असं म्हणायची पद्धत आहे. मला तसं नाही वाटलं. मला नागवं झाल्यासारखंही नाही वाटलं. मला वाटलं, आता हे अ‍ॅशबर्नमध्ये सगळ्यांना कळणार. इतक्या लांब, मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या लोकांसमोर, मला आमच्या मंडळातल्या बायका दिसल्या.

आणि तेवढ्यात खडकामागून मेव्हणे आले. हातात कॉफीचा कप. त्यांनी त्या गृहस्थांकडे बघितलं, त्यांच्या हातातल्या वस्तूकडे, पाण्यातल्या माझ्याकडे. कप खडकावर ठेवला, बूट-मोज्यांसकट ओल्या शेवाळातून चालत गेले आणि स्वीडिशमध्ये तीन शब्द बोलले. नंतर बहिणीने सांगितलं, ते म्हणाले होते, "आमचं आहे ते."

गृहस्थांनी ती वस्तू दोन्ही हातांनी त्यांना दिली आणि काहीतरी म्हणाले. कुत्र्याबद्दल माफी मागत होते बहुतेक. मेव्हण्यांनी मान हलवली. पाण्यापाशी येऊन ती धुतली, वाळू काढली, स्वतःच्या टॉवेलमध्ये नीट गुंडाळली, टॉवेल माझ्यापासून हातभर अंतरावरच्या दगडावर ठेवला आणि एकदाही वर न बघता परत खडकामागे गेले. ती तुकडी केव्हा निघून गेली ते मला कळलंच नाही.

परतीच्या बोटीत बाहेर स्वच्छ ऊन होतं, तरी मी आत, इंजिनाच्या आवाजाशेजारी बसले. पिशवी मांडीवर. स्पंजवर कुत्र्याच्या दातांच्या खुणा उमटल्या होत्या. माझा हात पुन्हा पुन्हा पिशवीत जाऊन त्या खुणा चाचपत होता.

पुढचे काही दिवस मी घराबाहेर पडले नाही. डोकं दुखतंय म्हणाले. मेव्हणे घरी असले की मी खोलीतच जेवायचे. तिकीट अलीकडचं करता येईल का, हेही फोनवर बघून ठेवलं. नवऱ्याचा फोन आला की हवापाण्याच्या गप्पा मारायचे.

एका दुपारी दारावर टकटक झाली. बहीण बाजारात गेली होती.

"ताई, येऊ का?"

मेव्हणे दारातच उभे राहिले. मग म्हणाले, "माझं चुकलं का?"

"तुमचं काय चुकलं?"

"मी त्याला हात लावायला नको होता. हिला सांगायला हवं होतं. मला सुचलं नाही. तेव्हापासून तुम्ही माझ्यासमोर येत नाही आहात. मला फार लाजिरवाणं वाटतंय."

इतके दिवस मी एका खोलीत लाजून बसले होते आणि पलीकडच्या खोलीत हे बसले होते. माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं की माझ्या दार लावण्याचा त्यांनी काही वेगळा अर्थ घेतला असेल.

"अहो, तुम्ही नसता तर मी अजून पाण्यातच असते," मी म्हटलं. मग मला राहवलं नाही. "पण 'आमचं' का म्हणालात?"

ते अवघडले. "'माझ्या मोठ्या मेव्हणीचं' असं म्हणायचं होतं. पण स्वीडिशमध्ये मेव्हणीला काय म्हणतात तेच आठवेना. घाईत जे आलं ते बोललो."

मला हसू फुटलं. आधी त्यांना कळेना हसावं की नाही. मग तेही हसले, भिंतीकडे बघत, खांदे हलवत. बहीण आली तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघरात चहा पीत होतो आणि ती आळीपाळीने दोघांकडे बघत उभी राहिली.

निघायच्या आधी मी तिला म्हटलं, "चल त्या लाकडी स्नानगृहात." तिने कारण विचारलं नाही. कपडे काढायच्या खोलीत मी भिंतीकडे तोंड करून इतका वेळ लावला की ती टॉवेल गुंडाळून बाहेर जाऊन थांबली. वाफेच्या खोलीत पायऱ्यांसारखी बाकं होती आणि त्यांवर सात-आठ बाया. मी सगळ्यात खाली, दाराजवळ बसले. टॉवेल गळ्यापर्यंत ओढला. सगळ्यांचे टॉवेल बुडाखाली, माझाच अंगावर. उकाड्याने डोकं गरगरायला लागलं, तेव्हा कुठे तो सोडला. एका जाड्या, सुरकुतलेल्या बाईने माझ्या छातीकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. नजर फिरवली नाही की मान डोलावली नाही. मग इंग्रजीत म्हणाली, "दार लावून घ्याल का? वारा येतोय."

मी दार लावलं. लाज गेली, असं मी म्हणणार नाही. समुद्राच्या शिडीपर्यंत गेले ती डावा हात आडवा धरूनच. पण शिडी उतरायला दोन्ही हात लागतात.

परत आले तेव्हा डलस विमानतळावर नवरा आणि मुलगी दोघं घ्यायला आली होती. मुलीला नुकतंच लर्नर्स परमिट मिळालेलं, म्हणून गाडी ती चालवत होती. नवरा तिच्या शेजारी, एक हात डॅशबोर्डवर टेकवून. मी मागे. नवऱ्याने विचारलं, "मग काय काय बघितलं?"

मी तळं सांगितलं, फळं सांगितली, ट्राम सांगितली. आणि मग, दोघांच्याही पाठी माझ्याकडे होत्या म्हणूनच असेल, मी व्रोंगोचं सांगायला लागले. काही गाळलं नाही. स्पंज म्हटलं, पिन म्हटलं, डावा स्तन म्हटलं. हा शब्द आम्हा तिघांमध्ये त्या गाडीत पहिल्यांदा उच्चारला गेला. माझे कान तापले होते. कुत्र्याने उडी मारली तिथे मुलगी "नो! नो, आई, नो!" करत इतकी हसायला लागली की नवरा म्हणाला, "आधी गाडी बाजूला घे." तिने एका पेट्रोलपंपात गाडी घातली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत राहिली. मग ती हसायची थांबली. सीट बेल्ट काढून मागे वळली.

"आई, तू मला का नाही सांगितलंस? आय थॉट यू वेअर मॅड अ‍ॅट मी. यू ऑलवेज लॉक द डोअर."

मी तिचा हात धरला.

नवरा पुढेच बघत होता. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. पेट्रोल भरायला आलेला एक माणूस आमच्या गाडीकडे बघून पुढे गेला.

"कुत्रा कोणता होता?" नवऱ्याने शेवटी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "तपकिरी. कुरळ्या केसांचा."

"चांगला पोहणारा असणार," तो म्हणाला, आणि मागे न बघताच त्याने हात दोन सीटच्या मधून माझ्याकडे केला.

शेजारच्या काकूंना मी अजून खरं सांगितलेलं नाही. सांगेन म्हणते. आमच्या कम्युनिटीच्या पूलमध्येही अजून उतरले नाही. मुलगी प्रत्येक शनिवारी विचारते आणि मी प्रत्येक शनिवारी काहीतरी काम काढते. पण बेडरूमचं दार आता नुसतं लोटलेलं असतं.